बोकडाची गोळी

बायपास करून मौलालीचाचा भोरला परतले, तेव्हा अंगात रक्त कमी म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्याच दिवशी परसाकडला काळंकुट्ट झालं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. गोळी देणाऱ्या सुनेला, नबीलाला, घरात येऊन जेमतेम दोन महिने झालेले. ती विष घालत नसेल कशावरून? मग रोज ते गोळी गालात धरायचे आणि सून गेली, की भाकरीत घालून दारातल्या बोकडाला चारायचे. महिना झाला, तरी बोकड मरेना. त्याची पापणी ओढून पाहिली, तर आतून डाळिंबासारखी लाल. आरशात स्वतःची ओढली. पांढरीफटक! अशा पापणीची शेळी जगत नाही, हे त्यांनी शेळ्या पाळताना जन्मभर पाहिलं होतं. मागं नबीला उभी, हातात दोन गोळ्या. "ही तुमची अब्बा, ही बोकडाची. आदी कुनाला?" "बोकडाला," गुरकावून चाचांनी आपलंच तोंड उघडलं.