काठीशिवाय

काठी न टेकता तानुबाई अंगणात आली, तेव्हा सगळ्यांत आधी नागनाथ मास्तरच हसले.

"आवो मावशी, काठी कुठं टाकली?"

"चुलीत घातली!" म्हातारी ठसक्यात म्हणाली. "गुडघं बघा, मास्तर. तेल घातल्यावानी वळायलेत."

पलीकडं गीताबाई भाकरी थापत होती. मास्तरांची बायको. आठ दिवसांखाली हिलाच जीपमध्ये आडवी घालून औरंगाबादला नेली होती. डोकं धरून ओरडायची, डावा हात लुळा, नवरासुद्धा ओळखू येईना. मेंदूत गाठ, भोवती सूज. तिथं इंजेक्शनं दिली आणि काय सांगावं, दोन दिवसांत बाई उठून बसली, चहा मागायला लागली! मास्तर डॉक्टरांच्या पायाच पडले.

डॉक्टरांनी त्यांना उठवलं. "पूर्वी असे पेशंट टेबलावर घ्यायच्या आधीच हातचे जायचे. आता या औषधानं सूज उतरते, आम्हाला सवड मिळते. पण गाठ आहे तिथंच आहे, मास्तर. पुढच्या सोमवारी ऑपरेशनला आणा. तोवर याच औषधाची गोळी एक वेळही चुकवायची नाही, नाहीतर सूज परत चढेल."

इकडं गावी, सोनपेठात, ऑपरेशनचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मेलेलं माणूस उठवणारी गोळी म्हणून नुसता गवगवा झाला.

"गीताची गोळी लय गुणाची हाय बघा," तानुबाई म्हणाली. "परवापासून खायलेय, कळ म्हणून न्हाई."

मास्तरांचं हसू तोंडावरच वाळलं. ते धडपडत कोनाड्यापाशी गेले, डबी उघडली. आत कापूस तेवढा होता.

"गीता! मग तू काय खायलीस?"

"आवो, मी बरी हाय की आता. म्हातारीला उठता येईना, बसता येईना. आन् दारात येऊन मागितलेलं औषध आडवलं तर आपला गुण जातो म्हणत्यात. म्हणून दिल्या."

एवढं बोलून तिनं भाकरी उचलली. अर्धी तव्यावर पडली, अर्धी जाळात. गीताबाई आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिली, हात दुसऱ्याच कुणाचा असावा तशी.

"डोस्कं लय ठणकायलंय वो," ती हळूच म्हणाली आणि बसल्या जागी कलली.

मास्तरांनी तिला कवेत धरलं. "जीप! आरे कुणीतरी जीप आणा!"

बाजाराचा दिवस. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

तानुबाईनं पदर खोचला. "तुमी धरा तिला, मास्तर. मी आणते."

आणि नामांतराच्या घोषणा रंगवलेल्या भिंतीला वळसा घालून म्हातारी स्टँडकडं पळत सुटली. तिला असं पळताना सोनपेठात कुणी कधी पाहिलं नव्हतं.