चांदीचं धुवण

गेन्रिख कार्लोविचने बाटलीचं सील तोडलं, आतल्या धुवणाचा एक थेंब तांब्याच्या जाळीवर सोडला, वाळवला आणि जाळी यंत्रात सरकवली. कमशात दोन पावलं मागे सरकली.

"घाबरतेस काय, पोरी? इलेक्ट्रॉनचं असलं तरी सूक्ष्मदर्शकच आहे. चावत नाही."

यंत्राला ती भीत नव्हतीच.

कारखान्याच्या गोदामातल्या द्रावणात चांदी कमी आहे, हा आकडा तिथली रसायनतज्ज्ञ म्हणून तिनेच दिला होता. त्या आकड्यावर गोदामपाल तुर्सिनबेक चोर ठरून कोठडीत गेला. चांदी मोजायला द्रावणातून खाली बसवलेला तिचा साका गाळणीवर धुताना पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल घालायचं असतं, हे शिकाऊ पोरींनाही ठाऊक असतं. त्या दिवशी आम्लाची बरणी रिकामी होती आणि साहेब आकड्यासाठी दारात उभा. तिने नुसत्या पाण्याने धुतलं. नुसत्या पाण्यात साका कधीकधी डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत विरतो, गाळणीतून निसटतो आणि आकडा खोटाच कमी येतो. हे ती कुणाशी बोलली नव्हती.

निसटला असेल किंवा नसेलही. गाळणीखाली उतरलेलं धुवण डोळ्यांना स्वच्छ दिसलं, साध्या सूक्ष्मदर्शकालाही. मग खात्रीसाठी तपासनिसाने त्याची बाटली इकडे अल्मा-अताच्या प्रयोगशाळेत, गेन्रिख कार्लोविचकडे पाठवली आणि कारखान्यातर्फे सोबत कमशातला. तुर्सिनबेकची बायको मायराही त्याच गाडीने आली होती. आत्ता ती बाहेर बाकावर बसली होती. गाडीत तिने कमशातच्या हातात बाऊरसाक कोंबले होते. "तू आहेस म्हणून धीर आहे गं मला. खा, सकाळपासून उपाशी आहेस." तळलेले ते गोळे अजून कोटाच्या खिशात होते.

गेन्रिख कार्लोविचने दिवा मालवला. हिरवा पडदा उजळला. रिकामा. जाळी सरकली, पुन्हा रिकामा. काही नसू दे, काही नसू दे, असं ती मनात घोकत होती आणि स्वतःच्याच घोकण्याने तिला शरम वाटत होती.

मग ठिपके आले.

"अं, हे होय," तो म्हणाला. "दिवसभर हेच बघतो मी. धूळ असणार." पडद्याकडे पाठ करून तो चाचपडत पेन्सिल शोधू लागला. "कुठे ठेवली मेली. मग स्वच्छ म्हणून लिहू ना?"

नुसतं 'हो' म्हटलं की झालं. संध्याकाळच्या गाडीने घर, लेकी, चूल. नाहीतर मायराच्या नवऱ्याच्या जागी आपण.

पडद्यावरच्या एका ठिपक्याची कड हलली. तिच्यातून काळा धागा बाहेर आला, वाकला, त्याला दुसरा फुटला. शेजारच्या ठिपक्यातूनही. किरणाच्या माऱ्याखाली साका फुटत होता आणि गोदामातली हरवलेली चांदी तिच्या डोळ्यांदेखत उगवत होती.

"बोल ना, पोरी. धूळ ना?"

"धुळीला अशा फांद्या फुटत नाहीत, गेन्रिख कार्लोविच." कमशातने पडद्याकडे बोट केलं. "मागे बघा. फोटो घ्या आधी."

तो वळला. फोटो घेतला. मग हळूच म्हणाला, "धुतलं कुणी होतं हे?"

"बाहेर मायराताई बसल्यात," कमशात म्हणाली. "त्यांना आत बोलवा. त्यांच्यासमोरच सांगते."

तिने खिशात हात घातला. बाऊरसाकांचा पार चुरा झाला होता.