ऊब दिल्याशिवाय

मेधाने टॉर्च धरला, पडद्यामागे पडलेल्या त्या अंगठ्याएवढ्या जिवाला बोटाने हलवलं आणि सवयीने घड्याळ पाहिलं. “गेलाय, अण्णा,” ती वडिलांना म्हणाली. “तीन वाजून दहा मिनिटं.” डॉक्टरबाई घरातही डॉक्टरबाईच.

“हमिंगबर्ड आहे गं,” अण्णा म्हणाले. “शेपटीची पिसं बघ.”

मेधा चमकली, पण पाखरामुळे नाही. आई गेल्यावर तिने अण्णांना वाईहून इकडे आयर्लंडमध्ये, मलिंगारला आणलं, त्याला आठ महिने झाले होते. एवढ्या दिवसांत ‘हो’, ‘नको’ आणि ‘पुरे’ याखेरीज त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. सकाळपासून खिडकीशी बसायचे, धुकं बघत. त्यांच्यात आता काही उरलं नाही, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मंगळवारचं तिकीट काढलं होतं, पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात खोली बघितली होती. अण्णांनी त्यालाही ‘हो’च म्हटलं. बॅग भरून दाराशी उभी होती.

मेधाच्या मुलीने, तन्वीने, फोटो काढून फोनवर शोधलं. “नो हमिंगबर्ड्स इन आयर्लंड, आजोबा. इट्स अ मॉथ.” खरंच, हमिंगबर्डसारखा दिसणारा पतंग निघाला तो. पिसं वाटली ती नुसती लव होती.

“असू दे. पण गारठ्यात नको ठेवायला,” अण्णा म्हणाले.

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मेलेल्या पतंगाची काळजी करत होता. मेधाला वाईट वाटलं. म्हातारपण, दुसरं काय. त्यांचं मन राखायला तिने वाटीत कापूस घातला, त्यावर पतंग ठेवला आणि वाटी वरच्या मजल्यावर हॉट प्रेसमध्ये सरकवली. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इथे सगळे त्यात टॉवेल ठेवतात.

तासाभराने जिन्यावर बारीक गुणगुण ऐकू आली, लांब कुणीतरी शिलाई मशीन चालवावं तशी. मेधा वर गेली. कपाट उघडं होतं. आतली ऊब बाहेर येत होती, आणि अण्णांच्या नाकासमोर पतंग हवेत तरंगत होता. पंख दिसतच नव्हते, नुसतं धूसर, केशरी काहीतरी. अण्णांनी साखरपाण्याचा चमचा धरला होता आणि ते हसत होते.

“मग मेला कसा म्हणालीस?”

थंडीने गारठलेल्या माणसाला ऊब दिल्याशिवाय मेला म्हणायचं नाही, हे वॉर्डात नव्या डॉक्टरांना तीच बजावायची. तिला स्वतःची लाज वाटली.

“ऊब देऊन बघितलंच नाही, अण्णा.”

ती खाली गेली. दाराशी उभी केलेली बॅग आडवी केली, अगदी तळाशी घातलेला अण्णांचा स्वेटर बाहेर ओढला, आणि वर येऊन तो हॉट प्रेसमध्ये, वाटीच्या शेजारी, तापत ठेवला.