डाव्या बाजूची लाईट

"अजून एक बसवा, पावणं. डावीकडं," गणपतराव म्हणाले.

यशराजनं हातातला पाना खाली ठेवला. शिवाजी पेठेतलं गाड्यांच्या लायटींचं दुकान बंद करून तो सकाळपासून या परड्यात छोट्या ट्रॅक्टरला वायरी जोडत होता. पुढं नवा बंपर, त्यावर एलईडीची लांब पट्टी, छताच्या चारी कोपऱ्यांना दिवे, आणि डाव्या मडगार्डवर एक जास्तीचा. एवढ्या लायटी त्यानं उसाच्या मोठ्या ट्रॅक्टरलाही कधी बसवल्या नव्हत्या.

"काका, बॅटरी केवढी, लायटी किती? छोटा ट्रॅक्टर हाय ह्यो."

"सांगतोय न्हवं मी? बसवा."

वर्षाराणी गोठ्याच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. गणपतराव तिचे सासरे; घरात सगळे त्यांना आबा म्हणत, आणि त्यांच्या शब्दापुढं या घरात कुणाचा शब्द जात नसे.

गेल्या आठवड्यात उसाला मातीची भर लावताना गणपतरावांचा ट्रॅक्टर रोजानं आलेल्या अंबूबाईच्या अंगावरच जायचा. म्हातारी डाव्या अंगाला बांधाकडेला खुरपत बसली होती. खुरपं चाकाखाली गेलं, हात तेवढा वाचला. "दिवस मावळला हुता, दिसलं न्हाय," गणपतराव सगळ्यांना सांगत होते, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी यशराजला फोन लावला होता. पण वर्षाराणी त्या वेळी चहा घेऊन रानात गेली होती. चांगलं लख्ख ऊन होतं.

त्या दिवसापासून ती बघत होती. उजवीकडं ठेवलेला कप आबा लगेच उचलायचे. डावीकडं ठेवलेला निवून जायचा.

तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. धैर्यशील म्हणाला, "लायटी बसल्या की झालं. आबांच्यापुढं मी न्हाय बोलणार, आणि तू पण बोलू नगंस."

उद्या सकाळी रानात तण भांगलायला बायका येणार होत्या. ट्रॅक्टर आणि बायका एकाच पट्टीत. शिवाय घरात स्वप्नाली. चार वर्षांची पोर. ट्रॅक्टरचा आवाज कानावर पडला की हातातला घास टाकून आजोबांच्या मागं धावत सुटायची. आज वर्षाराणीनं तिला घरात बसवून दाराला बाहेरून कडी घातली होती.

दिवस कलला. यशराजनं शेवटची वायर चिकटपट्टीनं गुंडाळली आणि तो बाजूला झाला. गणपतराव बंपरला धरून, उजव्या बाजूनं वळसा घालून सीटवर चढले. इंजिन सुरू झालं. तिकडं आतून पोरीनं दारावर थापा मारायला सुरुवात केली.

"लावू का?"

"लावा की, काका."

बटन दाबलं. परडं पांढरंफेक झालं. गोठ्यातल्या म्हशीनं दचकून दाव्याला हिसका दिला.

वर्षाराणी गोठ्याच्या दारातून निघाली. ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाला आली आणि मोठ्या चाकाच्या पुढ्यात, मडगार्डवरच्या दिव्याच्या झोतात उभी राहिली. हात लांब केला असता तर सासऱ्यांच्या गुडघ्याला लागला असता. यशराज काही बोलायला गेला. तिनं त्याच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं.

"डावीकडची लागली न्हाय," गणपतराव समोर बघत म्हणाले.

"लागल्या की, काका. सगळ्या."

"मग उजेड कुठं हाय?"

यशराजनं एकदा म्हाताऱ्याकडं बघितलं, एकदा वर्षाराणीकडं.

"ऱ्हाऊ दे. रस्त्याला काढून बघतो," गणपतराव म्हणाले. त्यांनी क्लच दाबून गिअर टाकला. वर्षाराणीनं दोन्ही पाय घट्ट रोवले. क्लचवरचा पाय वर येताना तिला दिसत होता. ट्रॅक्टरनं हिसका दिला, चाक वीतभर पुढं आलं आणि तिच्या साडीची कड मातीत दाबली गेली.

"काका, थांबा!" यशराज जिवाच्या आकांतानं ओरडला.

करकचून ब्रेक लागला.

"काय झालं ओरडायला?"

"वैनी..."

"वैनीचं काय? कुठं हाय ती?"

"हितंच हाय, आबा," वर्षाराणी म्हणाली.

गणपतरावांनी मान वळवली. अर्धी वळवली, थांबले. मग आणखी वळवली, सगळं अंगच तिच्याकडं फिरवलं, तेव्हा कुठं ती त्यांना दिसली. डोक्यापासून पायापर्यंत. एवढ्या उजेडात तिच्या कपाळावरचं गोंदणसुद्धा दिसत होतं. त्यांची नजर खाली गेली, चाकाखालच्या साडीवर जाऊन थांबली.

"किती येळ झाला हितं हाईस?"

"तुम्ही बटन दाबल्यापासनं."

त्यांनी ट्रॅक्टर वीतभर मागं घेतला आणि इंजिन बंद केलं. दारावरच्या थापा आता स्वच्छ ऐकू येऊ लागल्या. दिवे तसेच पेटलेले होते.

यशराज खाकरला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "काका, डावीकडची जरा वर उचलतो. आणखी लांब उजेड पडंल."

"नको," गणपतराव म्हणाले. "लाईट चांगली हाय, पावणं. लाईटीत काय खोट न्हाय."

त्यांनी किल्ली काढली आणि मान न वळवता हात डावीकडं लांब केला. वर्षाराणीनं किल्ली घेईपर्यंत तो हात तसाच उजेडात राहिला.