रविवारची भाजी

खानावळीत वाडगा समोर आला आणि आईने चमचा उचलला. काळपट रस्सा, त्यात पांढरे लिबलिबीत तुकडे. एरवी तिने बघूनच नाकाला पदर लावला असता. आज तिने सरळ घोट घेतला. जीभ पोळली, तेही जरा उशिराच कळलं.

"काकू, नको असेल तर राहू द्या," मुलाचा रूममेट म्हणाला.

"असू दे. पोटात काहीतरी गेलं पाहिजे."

मुलगा जाऊन पाच दिवस झाले होते. कामावर जाताना रस्त्यात गाडीने उडवलं. ती आली, दाखवतील तिथे सह्या केल्या, सगळं इथेच, परक्या देशात उरकलं. रडू आलं नाही. आज खोलीही आवरून झाली. संध्याकाळी परतीचं विमान होतं.

आता तिच्याकडे लेकासोबतचे रविवारच उरले होते. चार वर्षं दर रविवारी तो शेगडीजवळ फोन उभा करायचा आणि ती घरून हुकूम सोडायची. "मोहरी तडतडू दे की रे, कुणी मागे लागलंय का?" तो म्हणायचा, "बरं, मास्तरीणबाई." पातेलंभर भाजी व्हायची. एवढी संपते का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "चाटूनपुसून." इतक्या लांबून का होईना, आपण लेकाला जेवू घातलं, ह्या एका गोष्टीवर ती तग धरून होती.

खानावळीची मालकीण हात पुसत आली. वयाने आईएवढीच. ती तिच्या भाषेत बराच वेळ बोलली.

"काय म्हणते रे?"

"काही नाही. चांगला मुलगा होता म्हणतायत."

"एवढ्याला एवढा वेळ लागतो? सगळं सांग."

त्याने मान खाजवली. "रविवारी तो भाजीचं पातेलं इथे आणून द्यायचा, काकू. ह्यांच्या घरचे सगळे तीच खायचे. ह्यांचे सासरे तर सकाळपासून वाट बघत बसायचे."

"आणि तो?"

"तो हे खायचा." त्याने वाडग्याकडे बोट केलं.

आईने चमचा खाली ठेवला. चार वर्षांच्या फोडण्या परक्यांच्या पोटात गेल्या होत्या. राग यायला हवा होता. तोही आला नाही. होतं नव्हतं तेही गेलं, एवढंच तिला समजलं.

"माझ्या चवीचं आवडत नव्हतं त्याला," ती म्हणाली. "तोंडावर कसं सांगणार बिचारा."

मालकिणीला भाषा कळली नाही, चेहरा कळला. तिने रूममेटकडून वाक्य समजून घेतलं आणि जोरजोरात नकारार्थी मान हलवली. मग समोरची खुर्ची ओढून बसली आणि सावकाश बोलू लागली. रूममेट मराठीत सांगत गेला.

"मावशी म्हणतायत, पहिल्या रविवारी त्याने ती भाजी इथेच बसून खाल्ली. दोन घासांतच उठला आणि घरी, आईकडे परत जायचं म्हणून बॅग भरायला गेला. तेव्हापासून म्हणायचा, इथे राहायचं असेल तर आईच्या चवीचं खाऊन चालणार नाही."