बापाच्या हातचा बुरेक

एल्दार आमच्या नॉर्वेतल्या बर्गनचा. आई इथली, बाप बोस्नियाचा, त्यामुळे दोन्ही देशांचे फुटबॉल संघ त्याच्यामागे लागलेले. मी नॉर्वेच्या संघाचा सहायक कोच. आमचा मुख्य कोच टोरगेर मला घेऊन त्याच्या घरी गेला, बापाच्या हातचा खिम्याचा बुरेक मिटक्या मारत खाल्ला आणि म्हणाला, "पोरा, माझा तुझ्यावर विश्वास आहे. वर्ल्डकपला चल." बापाने आमच्यासमोरच बोस्नियाला फोन लावून नकार कळवला.

वर्ल्डकपच्या तिसऱ्या मॅचला, शेवटची दोन मिनिटं उरली असताना टोरगेरने त्याला मैदानात धाडलं. चेंडू पायाला लागलासुद्धा नाही, तरी पोरगा टोरगेरच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

सप्टेंबरमध्ये आमची गाठ बोस्नियाशीच होती. यादीत एल्दारचं नाव दिसेना.

"अरे, एल्दार राहिला," मी म्हटलं.

"राहू दे. वर्ल्डकपात आपल्याकडून उतरला ना? आता जन्मात दुसऱ्या देशाकडून खेळता येणार नाही त्याला."

"म्हणून तर म्हणतोय, आपल्याकडून खेळव!"

टोरगेर हसला.

"तो आपल्याकडून खेळावा म्हणून कोणी खाल्ला होता बुरेक? त्यांच्याकडून खेळू नये म्हणून खाल्ला."