हलका हात

"सुई परवडली, पण तो स्पिरिटचा वास नको," ती पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली.

"मग नाक दाबून धर," नवरा म्हणाला.

घरोघरी जाऊन रक्त गोळा करणं हेच त्याचं काम. दिवसभर लोकांच्या शिरा शोधणाऱ्या माणसाची बायको सुईला भिते, यावर प्रयोगशाळेत सगळे हसत. आज मात्र त्याला हसू येत नव्हतं. तिच्या थोरल्या बहिणीचा स्तनाचा कर्करोग फार उशिरा कळला होता. बहीण गेली आणि हिची झोप उडाली. आता एक नवी चाचणी आली होती, अजून अभ्यासातलीच. गाठ दिसायच्या आधी रक्तातल्या खुणांवरून अंदाज घेणारी. रिपोर्ट नीट यावा आणि ही एकदाची शांत झोपावी, एवढंच त्याला हवं होतं.

कापूस भिजला, वास आला आणि तिचे डोळे पांढरे झाले.

शुद्धीवर आली तेव्हा कोपराच्या खळगीत पट्टी होती आणि त्याच्या हातात भरलेली नळी.

"झालंसुद्धा?"

"झालं. भित्री भागूबाई!"

त्याने बाह्या खाली ओढल्या, पिशवी खांद्याला लावली आणि तोंड वाकडं केलं. पट्टा काचून डाव्या छातीवर घट्टा पडला होता. तिनेच पट्ट्याखाली फडक्याची घडी शिवून दिली होती.

"खांदा बदला की."

"आता सवय झालीय."

संध्याकाळी पट्टी काढून तिने हात उजेडात धरला. सुईची खूणही नव्हती. हात हलका आहे हो ह्यांचा, तिला कौतुक वाटलं.

मग सुरू झालं वाट बघणं. तिच्या घरभर येरझारा. दूध उतू जायचं, फोन वाजला की ती हातातलं टाकून धावायची. तो मात्र निर्धास्त. "काही निघणार नाही, लिहून देतो," म्हणायचा.

निघालं. आकडे वाढलेले होते. तिच्याआधी त्याचाच चेहरा उतरला. "नळी बदलली असेल, पुन्हा काढू," असा त्याने धोशाच लावला.

डॉक्टरबाईंनी सगळे फोटो काढले. कुठेच काही नाही. मग पुन्हा रक्त. या वेळी तिने डोळे उघडे ठेवून स्वतःच हात पुढे केला. आकडे अगदी नीट आले.

"तुम्हाला काही झालेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पहिली नळी दुसऱ्याच कुणाची तरी असणार. त्या बाईला लवकर शोधायला हवं."

तिला रडू फुटलं. पदराने डोळे पुसत ती नवऱ्याकडे वळली. "अहो, नळ्या तुम्हीच नेल्या होत्यात ना? शोधा हो तिला! त्या बिचारीला पत्ताही नसेल."

त्याने पिशवी खांद्यावरून उतरवली.

"त्या दिवशी तुला सुई टोचलीच नव्हती गं," तो म्हणाला, आणि तिचा हात धरून त्याने पट्ट्याखालच्या घट्ट्यावर ठेवला.